बेढब चेहरा म्हणजे बनावट नाणं नव्हे

नाणेसंग्राहकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर सारखा फिरत असतो. त्याचं सार असं: रोमन नाण्यावरचा सम्राट बेढब दिसला, अक्षरं चुकलेली असली, वजन कमी भरलं, भोक किंवा छिन्नीचा घाव असला, की नाणं हल्लीचं बनावट समजा. शंका उरली तर चुंबक लावा, फरशीवर टाकून आवाज ऐका. आणि अनुकरणाला तर मोलच नाही. या कसोटीवर भारतात सापडलेली कितीतरी प्राचीन नाणी नापास होतील आणि आजची सफाईदार नक्कल बिनदिक्कत पास होईल.

गोंधळ मुळातच आहे. रोमच्या टाकसाळीतलं नाणं, त्या काळी दुसऱ्या कुणी पाडलेलं त्याचं अनुकरण आणि आजची बनावट, ही तीन वेगळी प्रकरणं. पहिली दोन्ही प्राचीन. वरच्या मजकुरातल्या बहुतेक खुणा नेमक्या दुसऱ्या गटाच्या आहेत.

चेहरा बेढब. भारतात आलेल्या देनारियस या चांदीच्या रोमन नाण्यांत दोन प्रकार फार मोठ्या संख्येने आहेत: सम्राट ऑगस्टसचं, मागे ढालींसह त्याचे दत्तक पुत्र गायस-लुसियस असलेल्या छापाचं (लुग्दुनुम, म्हणजे आजचं लिऑन, इ.स.पू. २ ते इ.स. ४) आणि त्याच्यानंतरच्या टायबेरियसचं ‘पाँटिफ मॅक्सिम’ (मुख्य पुरोहित) लेखाचं. लोकांच्या ओळखीची नाणी हीच, म्हणून अनुकरणंही मुख्यतः यांचीच. पुढे सोन्यात सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसची अनुकरणं दिसतात. ठसा कोरणाऱ्यासमोर सम्राट नव्हता, झिजलेलं नाणं होतं, कधी तर आधीचं अनुकरणच. त्यामुळे डोळा मोठा होतो, केसांच्या समांतर रेघा होतात, गायस-लुसियसच्या ढालींची नुसती वर्तुळं उरतात. इथे ‘सुबक आहे का’ हा प्रश्नच गैरलागू. पाहायचं ते हे, की दोन्ही बाजूंवर एकच हात दिसतो का. पुढच्या बाजूला केस रेघांनी कोरणारा कारागीर मागच्या आकृतीचं वस्त्रही बहुधा तसंच कोरतो. ठाम हाताने केलेली चूक आणि चाचपडत केलेली चूक यांतला फरक दहापट भिंगाखाली कळतो. आजचा बनावट ठसा बहुधा चाचपडलेला असतो. अर्थात एवढ्यावर निकाल देऊ नये. शैलीवरून संशय घ्यावा, निर्णय घडणीवरून द्यावा.

अक्षरं चुकलेली. ठशावर सगळं उलटं कोरावं लागतं. लॅटिन न येणारा माणूस नाणं समोर ठेवून जसंच्या तसं कोरतो, मग छापात अक्षरं उलटी उमटतात. काही अक्षरांच्या नुसत्या उभ्या रेघा उरतात. याचं घरचं उदाहरण हवं तर पश्चिमी क्षत्रपांची चांदीची नाणी पाहा. नाशिकजवळ जोगळटेंभी इथे १९०६ मध्ये क्षत्रप राजा नहपानाच्या तेरा हजारांहून जास्त नाण्यांचा साठा सापडला. त्या नाण्यांवर ग्रीक लिपीतला लेख आहे. पुढच्या क्षत्रपांच्या काळात तीच ग्रीक अक्षरं निरर्थक नक्षी होऊन बसली, ब्राह्मी लेख मात्र वाचता येत राहिला. त्या नाण्यांना कुणी बनावट म्हणत नाही.

वजन कमी. कोणत्या काळाच्या मानाने? सम्राट नीरोच्या आधी एका रोमन पौंडात ८४ देनारियस पाडत, इ.स. ६४ च्या सुमारास ९६ पाडू लागले. म्हणजे सैद्धांतिक वजन सुमारे ३.९ ग्रॅमवरून ३.४ ग्रॅमवर आलं. झीज धरली तर सव्वातीन ग्रॅमचं अस्सल रोमन नाणंही अगदी शक्य आहे. वजनापेक्षा घनता जास्त बोलते. काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य करा, नाणं बारीक दोऱ्याने पूर्ण बुडवा, पण तळाला वा कडेला टेकू देऊ नका. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा. शुद्ध चांदीचं ३.५० ग्रॅमचं नाणं ०.३३ दाखवेल, तांब्यावर चांदीचा मुलामा असेल तर ०.३८ च्या आसपास. फरक इतका कमी असल्याने ०.०१ ग्रॅमचा काटा कमी पडतो, ०.००१ चा घ्या. नाण्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे काढा, नाहीतर घनता खोटी कमी येते. सराफाकडचं क्ष-किरण यंत्र फक्त वरचा थर वाचतं, त्यामुळे मुलाम्याला ते फसतं. आणि मुलामा सापडला तरी नाणं आजचंच असं नाही, कारण मुलाम्याची नाणी रोमन काळीही भरपूर होती.

भोक आणि घाव. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टईला १८९८ मध्ये सापडलेल्या ५०१ सोन्याच्या रोमन नाण्यांपैकी बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावर छिन्नीचा घाव आहे. तो का घातला यावर मतभेद आहेत, पण घाव प्राचीन आहेत. चांदीच्या नाण्यात घावाच्या आतही पृष्ठभागासारखाच काळेपणा हवा. आत चकाकी असेल तर घाव ताजा. डोक्याच्या वर शेजारी शेजारी दोन भोकं असली तर नाणं चेहरा सरळ राहील असं ओवून गळ्यात घालत असत. दोऱ्याने भोकाची कड गुळगुळीत झिजते. ड्रिलचं भोक सरळ भिंतीचं असतं आणि आत गोल चरे दिसतात.

चुंबक आणि आवाज. चुंबकाला तांबं, शिसं, कथील काहीच चिकटत नाही. जमिनीतली जुनी चांदी ठिसूळ होते, फरशीवर टाकली तर दोन तुकडे. हा प्रयोग करूच नका.

मग पाहायचं काय? कड आणि मोकळी जागा. ठशाने पाडलेल्या नाण्यात अक्षरांच्या कडा तीक्ष्ण असतात, धातू कडेकडे ओढला गेल्याच्या बारीक रेघा दिसतात, कडेला चिरा पडतात. ओतीव नाण्यात अक्षरांच्या मुळाशी गोलाई, बुडबुड्यांचे खड्डे आणि कडेभोवती जोड किंवा तो लपवण्यासाठी मारलेली कानस. इथेही एक मेख आहे: तिसऱ्या-चौथ्या शतकांत ब्रिटन, गॉल (आजचं फ्रान्स) आणि इजिप्तमध्ये मातीच्या साच्यांत नाणी ओतली जात, तेव्हा नुसतं ओतीव असणं म्हणजे आधुनिक नव्हे. दोन नाण्यांवर एकाच जागी एकच ओरखडा असेल, तर मात्र निदान एक तरी नक्कल आहेच.

राहिला ‘अनुकरणाला मोल नाही’ हा शेरा. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला टायबेरियसच्या नाण्यांच्या धर्तीवर मातीची पदकं सापडली आहेत, ओवायला कड्यासकट. समुद्रापासून इतक्या आत रोमन छाप कसा पोचला याचा तो पुरावा आहे, आणि त्यासाठी सापडलेली जागा ठाऊक असावी लागते. म्हणून जमिनीत मिळालेलं नाणं चिंच-लिंबाने घासू नका, जागा नोंदवा. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीच्या अशा ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणं बंधनकारक आहे.