पंख्याशिवाय ब्रिक : एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की यंत्रमागाच्या शेडमधल्या बंद कंट्रोल बॉक्समधला ब्रिक (व्होल्टेज बदलून देणारं ठोकळ्यासारखं पॉवर मॉड्यूल) पंख्याशिवाय गार ठेवा. त्याखाली 'पॉवर सप्लायवाला' या नावाने एका वाचकाने पाच मुद्दे टाकलेत. पहिलाच असा : 'डेटाशीटमध्ये 200 एलएफएम हवा लागते असं स्पष्ट दिलेलं असताना पंखा काढून टाका म्हणणं हा निव्वळ अडाणीपणा आहे.'

साहेब, हरकत घ्या, जरूर घ्या. पण स्वतःचं नाव झाकून दुसऱ्याला अडाणी म्हणायचं, ही कुठली रीत? पंखा सरसकट काढा असं मी लिहिलेलंच नाही. यंत्रमागाच्या शेडमधल्या बंद कंट्रोल बॉक्सबद्दल लिहिलंय. लेख शेवटपर्यंत वाचला असता तर एवढं टायपिंग वाचलं असतं.

आता तुमचे 200 एलएफएम. म्हणजे मिनिटाला 200 फूट, सेकंदाला साधारण 1 मीटर वेगाची हवा. डिरेटिंगचे (किती तापमानाला, किती हवेत मॉड्यूलवर किती भार टाकायचा याचे) हे आलेख विंड टनेलमध्ये, स्वच्छ हवेत काढलेले असतात. एकदा सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या शेडमध्ये या की. पंख्याच्या जाळीवर सुताच्या तंतूंची गादी बसते. पाती जड होतात, बेअरिंग कुरकुरतं. पंखा फिरताना दिसतो, पण आत हवा जात नाही. मग मॉड्यूल तापून बंद पडतं, गार झालं की आपोआप सुरू, परत बंद. मालक म्हणतो, माल बोगस दिला. माझे वडील जॉबर होते, म्हणजे माग दुरुस्त करायचे; शाळेत असताना मी स्वतः धोट्यात घालायच्या कांड्या भरल्यात. शेडमधली हवा कशी असते हे मला आलेखावरून शिकवू नका.

आणि आलेख तरी कुठला दाखवलात? ओपन फ्रेमचा, म्हणजे धातूची पाठ नसलेल्या उघड्या मॉड्यूलचा. त्याला हवा लागणारच. थोडी उष्णता पिनांतून बोर्डाच्या तांब्यात उतरते, बाकी सगळी भिस्त वाऱ्यावर. मी लिहिलंय ते बेसप्लेटवाल्या, म्हणजे धातूची सपाट पाठ असलेल्या, क्वार्टर ब्रिकबद्दल (ब्रिकचं एक ठरलेलं लहान माप). त्यात उष्णतेला धातूतून बाहेर पडायला वाट असते. हिशोब हवाय? घ्या. आउटपुट 150 वॉट, एफिशियन्सी 92 टक्के, म्हणजे उष्णता 13 वॉट. बॉक्सच्या बाहेर उभ्या, विरळ पट्ट्यांचा हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा धातूचा तुकडा), वॉटमागे 2 अंश चढणारा; तिथे 26 अंश चढले. बेसप्लेट आणि हीटसिंक यांच्यामधल्या थर्मल पॅडमध्ये आणखी सहा-सात. मे महिन्यात शेडमध्ये 45 धरा. बेसप्लेट 78 च्या आसपास राहते, आणि डेटाशीटची मर्यादा बहुधा 100 च्या आगेमागे असते. पट्ट्यांवरही तंतू बसतात, पण ते बाहेरून दिसतात आणि फडक्याने निघतात. बॉक्स उघडायला नको की माग थांबवायला नको.

दुसरा मुद्दा : लेखातल्या फोटोत थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) नेमकं कुठं चिकटवलंय ते दिसत नाही, हे मान्य. बेसप्लेटच्या मधोमध आहे. फोटो बदलतो.

राहिले तीन मुद्दे. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर ब्रिकला खेटून बसलाय आणि हीटसिंकखाली थर्मल पेस्ट बरी की पॅड, यावर सवडीने लिहीन. दहा अंश वाढले की कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं हे मलाही ठाऊक आहे, धन्यवाद. 'लेखकाला मॉड्यूल खपवायचे दिसतात' याला उत्तर देण्याची इच्छा नव्हती, तरी देतो : मी बोर्ड दुरुस्त करतो, मॉड्यूल विकत नाही. तुमच्याकडे पंखा लावलेला बॉक्स शेडमध्ये चालू असेल तर जाळी न पुसता फोटो पाठवा. इथेच टाकतो.