ओल छतातून आली नव्हती, पण चूक आमचीच

नमस्कार ताई,

मुळशीला तुमच्या बागेत आम्ही बांधून दिलेल्या लाकडी खोलीबद्दल तुम्ही लिहिलंत, की पहिल्याच पावसाळ्यात छत गळलं, हलक्या प्रतीचा प्लाय फुगला, कुबट वास सुटला, दुपारी खोली तापते आणि आम्ही फोन उचलत नाही. फोनचं आधी बोलतो. तुमचे तीन फोन आले होते, आम्ही एकही परत केला नाही. मनापासून माफी मागतो.

शनिवारी उघडीप होती तेव्हा तुमच्यासमोरच छतावर अर्धा तास पाइप सोडून ठेवला. आत थेंबही आला नाही. मग खिडकीखालचा प्लाय काढला, तर त्यामागच्या, ओल अडवायला लावलेल्या प्लास्टिकच्या बाहेरच्या अंगाला पाणी धरलेलं आणि भिंतीत उष्णता अडवायला भरलेलं रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर) पिळून काढावं इतकं ओलं.

ते प्लास्टिक मीच लावायला सांगितलं होतं. थंड देशांत ते आतून लावतात, कारण तिथे ऊब आणि दमटपणा घरात, थंडी बाहेर. आपल्याकडे पावसाळ्यात एसी लावला की सगळं उलटं होतं. बाहेरची दमट हवा फळ्यांच्या फटींतून शिरते, गार प्लास्टिकला लागते आणि तिथेच तिचं पाणी होतं. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो, तसं. ते ओघळून चौकटीच्या खालच्या पट्टीवर साचलं. रॉकवूल भिजलं की उष्णता अडवत नाही, त्यामुळे खोली तापते ही तक्रारही खरीच आहे. आधीच्या आमच्या खोल्यांत एसी नव्हते, तिथे हे कधी दिसलं नाही. तुम्ही एसी लावणार हे मला माहीत होतं, तेव्हाच विचार करायला हवा होता.

प्लाय हलका आहे, हे मात्र मान्य नाही. तो आयएस 710 चा, म्हणजे भारतीय मानकाचा, पाण्यात टिकणारा मरीन प्लाय आहे, मागचा शिक्का तुम्हीही पाहिलात. त्याचे पदर सुटलेले नाहीत, कडा पाणी पिऊन फुगल्या आहेत. त्या पाट्या तरीही बदलून देतो.

बुधवारी आमची माणसं येऊन ओलं रॉकवूल काढतील आणि खालचा भाग वाळायला उघडा ठेवतील. पट्टी कुजली असेल तर नवी बसवू. बाहेरच्या फळ्या भर पावसात उतरवणं बरोबर नाही, ते काम दसऱ्यानंतर. तेव्हा ओल अडवणारा पडदा रॉकवूलच्या बाहेरून येईल, पडदा आणि फळ्या यांच्यामध्ये 25 मिमी मोकळी जागा राहील आणि आतून प्लास्टिक अजिबात नसेल. सगळा खर्च आमचा. तोवर एसी 26 च्या खाली नेऊ नका.

बुधवार जमत नसेल तर माझ्या नंबरवर कळवा. फोन मी स्वतः घेईन.