सत्याहत्तर सेकंदांचं स्वप्न

सांगलीत पियानोच्या दोन रेकॉर्डिंगांची तुलना करायची तर दिवसात एकच तास हाताशी असतो, दुपारी अडीच ते साडेतीन. त्याआधी कुकर असतो आणि त्यानंतर भोंगा लावलेला भंगारवाला. मे महिन्यात तर आणखी पंचाईत. पंखा बंद केला तर ऐकणारा टिकत नाही, चालू ठेवला तर पियानिस्सिमो, म्हणजे अगदी हळू वाजवलेलं, टिकत नाही.

म्हणून तुकडा लहान निवडावा. माझी शिफारस जर्मन संगीतकार शुमानच्या ‘ट्रॉयमेराय’ची, म्हणजे ‘स्वप्नरंजन’. १८३८ सालच्या ‘किंडरझेनेन’ या तेरा तुकड्यांच्या संचातला हा सातवा. लांबी चोवीस बार. (हा बार म्हणजे चार मात्रांचा खंड. विश्रामबागेतले बार वेगळे.) पहिले आठ बार दोनदा वाजवायचे, म्हणजे झाले बत्तीस, म्हणजे १२८ मात्रा. पहिल्या छापील प्रतीत मेट्रोनोमची (लय मोजणाऱ्या यंत्राची) खूण आहे मिनिटाला १०० मात्रा. भागाकार केला की उत्तर येतं सत्याहत्तर सेकंद. प्रत्यक्षात बहुतेक वादक अडीच ते पावणेतीन मिनिटं घेतात. मुदतीच्या दुप्पट वेळ! रस्त्याचं काम असतं तर मोर्चा निघाला असता. इथं त्याला भावगर्भता म्हणतात. तेव्हा ‘हा किती संथ, किती आत्ममग्न’ असं म्हणण्याआधी घड्याळ लावावं, आणि पहिले आठ बार पुन्हा वाजवलेत की गाळलेत तेही पाहावं. आत्ममग्नता कधीकधी फक्त आठ बारांची असते.

मग आवाजाची पातळी. दोन रेकॉर्डिंगांत जे एखाद-दुसऱ्या डेसिबलनं मोठं असतं ते कानाला ‘जिवंत’ वाटतं, आणि आपण श्रेय वादकाच्या बोटांना देऊन मोकळे होतो. फोनवर आवाज मोजणारं ॲप घ्यावं, फोन एकाच जागी ठेवावा (मांडीवर नको, मांडी हलते) आणि दोन्ही रेकॉर्डिंगं अर्ध्या डेसिबलच्या आत आणावीत. जुळवणी सगळ्यात मोठ्या ठोक्यावर करायची नाही. जुन्या तबकड्यांत मोठं आणि हळू यांतलं अंतर मुळातच आवळलेलं असतं. ठोका जुळवला तर बाकीचं सगळं ओरडायला लागतं. मधल्या उंचीचा दहा-पंधरा सेकंदांचा उतारा धरावा. ॲपनं पंखाच मोजला तर पंखा तेवढ्यापुरता बंद करावा आणि घाम पुसावा.

तिसरं म्हणजे सूर, आणि यात आपल्याकडची मंडळी भाग्यवान, कारण घरात कुठंतरी पेटी असतेच. ट्रॉयमेराय एफ मेजरमध्ये, म्हणजे आपली पांढरी चार. जुन्या तबकडीची नक्कल ऐकताना ती काळी तीन लागली, तर वादकानं पट्टी चढवलेली नसते. मिनिटाला ७८ फेऱ्यांची म्हणून लिहिलेली तबकडी नक्कल करताना चुकीच्या गतीनं फिरलेली असते. गती सहा टक्क्यांनी वाढली की सूर अर्ध्या स्वरानं चढतो, आणि लयही तेवढीच पळते. लोक मात्र लिहितात, ‘काय तडफ आहे!’ तडफ मोटरची.

तबकडीचा दुसरा जाच वेळेचा. बारा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम साडेचार मिनिटं. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची (१८७२–१९३७) रेकॉर्डं ऐकलेल्याला हे सांगायला नको. तिथं अख्खा राग तीन-सव्वातीन मिनिटांत बसवलाय. शोपँचा नऊ मिनिटांचा पहिला बॅलाड त्याच चिमटीत सापडायचा. शिवाय तेव्हा कापाकापी नव्हती. मेणावर एकदा वाजवलं की वाजवलं. चूक नको असेल तर अख्खी बाजू पुन्हा. त्या काळातल्या पियानोवादक आल्फ्रेड कोर्तोचे चुकलेले स्वर म्हणूनच आजही जसेच्या तसे ऐकू येतात. नंतर टेप आली, आणि दहा वेळा वाजवून त्यातले चांगले तुकडे जोडता येऊ लागले. या दोन काळांतल्या वादकांना अचूकतेचे गुण एकाच तक्त्यात देणं म्हणजे डब्बा घेऊन आलेल्याची आणि केटरिंगवाल्याची तुलना. (कोर्तोचा डब्बा मला आवडतो, हेही सांगून टाकतो.)

पियानोलाही जवारी, म्हणजे तारेच्या नादाचा पोत, असते. तसं कुठं छापलेलं नसेल, पण मिरजेत तंबोऱ्याची घोडी घासून जवारी काढताना ज्यानं पाहिलंय त्याला लगेच पटेल. तारेवर पडणाऱ्या हातोडीला लोकरीचा नमदा असतो; तो दाबून कडक झाला की आवाज टणक, चकचकीत होतो. ट्यूनर त्यात सुया टोचून तो मऊ करतो. म्हणजे ‘याचा स्पर्श मखमली’ यातली निम्मी मखमल सुईवाल्याची. पियानोवादक होरोविट्झ उगाच नाही १९८६ साली स्वतःचा पियानो विमानानं मॉस्कोला घेऊन गेला. तिथं त्यानं हेच ट्रॉयमेराय वाजवलं, आणि श्रोत्यांमधल्या एकाच्या गालावरचा अश्रू टीव्हीवर जगभर दिसला. अश्रू आधी पाहून मग कान लावला की तुलना संपली. म्हणून पडदा बंद.

लांब रचनांच्या वाटेला एकट्यानं जाऊ नये. शूबर्टच्या शेवटच्या, बी फ्लॅटमधल्या सोनाटाचा नुसता पहिला भाग रिख्टर चोवीस मिनिटं वाजवतो. सांगलीहून सुटलेली एसटी तेवढ्यात मिरजेच्या आसपास पोचते. ब्रेंडेल पंधराच्या आसपास आटोपतो, कारण तो पुनरावृत्ती गाळतो. पुनरावृत्तीकडे वळवणारे नऊ बार आहेत, आणि त्यांत एक गडगडाटी ट्रिल (शेजारचे दोन स्वर झरझर आलटूनपालटून) आहे जी एरवी त्या जोरात कुठंच येत नाही. गाळली की ती गेलीच. मी पुनरावृत्तीच्या बाजूचा. घरची मंडळी ब्रेंडेलच्या.

नावं झाकून ऐकणं उत्तम, पण त्याला बटण दाबणारा माणूस लागतो, आणि तो तिसऱ्या फेरीला विचारतो, “अहो, एकच गाणं किती वेळा लावायचं?” ही तीन माणसं आहेत असं सांगून उपयोग नसतो. नाव न झाकल्यानं काय होतं ते जॉइस हॅटो प्रकरणात दिसलं. या इंग्लिश वादिकेच्या नावानं शंभराहून जास्त सीडी निघाल्या, समीक्षकांनी डोक्यावर घेतल्या. २००७ साली लिस्टच्या एट्यूडची सीडी एकानं संगणकात घातली, तर पडद्यावर नाव आलं लास्लो सिमोनचं, म्हणजे भलत्याच वादकाचं. दुसऱ्यांची रेकॉर्डिंगं तिच्या नावानं खपवल्याची कबुली सीडी काढणाऱ्या नवऱ्यानं पुढं दिली. इतक्या तयार कानांना जे कळलं नाही ते संगणकाला कळलं, कारण त्यानं संगीत ऐकलंच नव्हतं. ट्रॅकची लांबी मोजली होती.

हे सगळं सोलून काढलं की वादकाचं असं उरतं ते बाविसाव्या बारात. तोच चढ आधी येऊन गेलेला असतो, पण इथं वरच्या स्वराखाली नवी स्वरसंगती येते आणि त्यावर थांब्याची खूण. किती थांबायचं, ते शुमाननं लिहिलेलं नाही. कुणी तो स्वर विरेपर्यंत धरतो, कुणी विरायच्या आत सोडतो, कुणी तिथं पोचायलाच उशीर करतो. पातळी जुळलेली, पांढरी चार तपासलेली, पंखा बंद. एकोणीस, वीस, एकवीस...

“भंगाऽऽर, रद्दीऽऽ, जुनी बॅटरीऽऽ...”

आज सव्वातीनलाच आला. पुन्हा पहिल्यापासून.