पाण्याची बाटली बाहेर, बेवडा आत

क्रिकेटची मॅच बघायला गेलो, तर स्टेडियमच्या गेटवर माझी पाण्याची बाटली काढून घेतली. का, तर म्हणे मी ती फेकून मारीन! आईच्या पर्समधली थालीपिठंही कचऱ्यात. आणि माझ्यामागून जो गडी आत शिरला, त्याच्या तोंडाच्या वासानेच मला चढायची बाकी होती. त्याला कुणी हटकलं? छे! बाटली त्याने बाहेरच रिचवली होती ना. पोटाची झडती कुठे घेतात?

मग साडेतीन तास हे महापुरुष माझ्या शेजारी. सीमारेषेवरच्या खेळाडूच्या आईबहिणीचा उद्धार, पुढच्या रांगेतल्या मुलींना "ओ मॅडम, इकडे बघा ना", आणि तेराव्या षटकात थेट माझ्या चपलेवर ओकारी. सुरक्षारक्षक काय म्हणाला? "जाऊ द्या हो साहेब, मॅच बघा." कुठे बघू? चपलेकडे?

आणि वर स्क्रीनवर दारूच्याच नावाच्या त्या 'सोड्या'ची जाहिरात. तो सोडा कधी कुणी दुकानात पाहिलाय का हो?

इंग्लंडने 1985 साली कायदाच केला: फुटबॉलचा सामना बघत बघत दारू ढोसायची नाही, आणि झिंगून स्टेडियममध्ये शिरणं हाच गुन्हा. कतारने तर 2022चा वर्ल्डकप दोन दिवसांवर आलेला असताना स्टेडियमभोवतीची बिअर बंद केली, तीही प्रायोजक बिअरवाला असताना! आमच्याकडे जप्त काय होतं? थालीपीठ.

पुढच्या वेळी मीही तेच करणार. दोन लिटर पाणी गेटबाहेरच पोटात, थालीपिठं त्याच्यावर. घ्या झडती!