मोटर नाही, सेक्टर बघा

लेखात लिहिलंय की हार्ड डिस्क जुनी झाली की मोटर झिजून हळू फिरायला लागते, हे काही पटलं नाही. ७२०० आरपीएमची (मिनिटाला ७२०० फेऱ्यांची) डिस्क म्हातारी झाली तरी ७२०० नेच फिरते, वेग ढळला तर तिला धड वाचताच येणार नाही. खरी भानगड सेक्टरची, म्हणजे डेटा जिथे साठतो त्या डिस्कवरच्या छोट्या तुकड्यांची. एखादा सेक्टर कमजोर झाला की हेडला (डेटा वाचणाऱ्या भागाला) तो पहिल्या फटक्यात वाचता येत नाही, मग पुढच्या फेरीत परत, मग परत... एक फेरी म्हणजे साधारण ८.३ मिलिसेकंद, ऐकायला काहीच नाही, पण असे शेकडो प्रयत्न झाले की फोल्डर उघडायलाच काही सेकंद जातात. माझ्या डिस्कचं हेच झालेलं, आतून टक टक आवाज आणि स्क्रीनवर नुसतं गोल चक्र, स्मार्ट रिपोर्टमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते त्यात) पेंडिंग सेक्टर, म्हणजे धड वाचता न येणारे सेक्टर, दिसले तशी त्याच रात्री सगळे फोटो दुसरीकडे हलवले.

आणि हो, डिस्क भरत आली की नवीन फायली बहुतेक आतल्या ट्रॅकवर (चकतीच्या मध्याजवळच्या गोल पट्ट्यांवर) जातात, तिथे एका फेरीत बाहेरच्या ट्रॅकच्या साधारण निम्माच डेटा मावतो, म्हणून डिस्क ठणठणीत असूनही मंद वाटते. त्यावर डीफ्रॅगचा (फायलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावण्याचा) थोडा उपयोग होतो, पण टक टक करणाऱ्या डिस्कवर कृपया डीफ्रॅग मारू नका, आधी बॅकअप घ्या.