‘खुळखुळणाऱ्या’ ट्रिगरबद्दल : ‘एक अनुभवी नेमबाज’ यांना उत्तर

नमस्कार साहेब,

स्वस्तातल्या देशी एअर पिस्तुलाच्या ट्रिगरवरचा माझा लेख वाचून आपण लिहिलंत : ‘नवा ट्रिगर बोटात खुळखुळतो म्हणजे माल भंगार. चालतंय की म्हणत कंपनीची तळी उचलणाऱ्यांमुळे पोरं फसतात.’ नाव मात्र लिहिलं नाहीत. कुपवाडच्या लेथवर ट्रिगरला बुश (भोकात बसणारी धातूची कडी) करून घेतल्याचा उल्लेख आहे म्हणून सांगलीकडचे असाल, एवढाच अंदाज.

तळी आम्ही सातारकर पालीच्या खंडोबाची उचलतो. कंपनीकडून पेलेटची (छऱ्यांची) डबीसुद्धा मला कधी फुकट आलेली नाही. सतरा वर्षं ही पिस्तुलं उघडून बसवतोय; भंगार कशाला म्हणायचं ते थोडंफार कळतं. मतभेद असावेत, पण ‘तळी’ वगैरे भाषा कशाला?

एक चूक तेवढी कबूल. ट्रिगर किमान वजन पेलतो का हे तपासताना लेखातल्या फोटोत मी ५०० ग्रॅमचं वजन ट्रिगरच्या टोकाला टांगलं होतं. नियमाप्रमाणे ते ट्रिगरच्या मध्याजवळ टांगून, नळी उभी धरून उचलायचं असतं. बरोबर पकडलंत. पण ट्रिगर ज्या पिनवर फिरतो तिच्यापासून मध्य २४ मिमी आणि टोक ३० मिमी धरलं, तर टोकाला ५०० ग्रॅम पेलणारा ट्रिगर मध्यावर ६२५ ग्रॅम पेलतो. म्हणजे माझा फोटो बघून सेट केलेलं पिस्तूल तपासणीत बाद होणार नाही, फक्त जड लागेल. तरी फोटो बदलतो.

आता खुळखुळण्याचं. आपण एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींना वापरलात आणि सगळा घोळ तिथेच आहे.

पहिली गोष्ट, ट्रिगरचं पातं (बोट टेकतं तो भाग) दांडीवर ज्या ग्रब स्क्रूने, म्हणजे डोकं नसलेल्या छोट्या स्क्रूने, बसतं तो ढिला असणं. नव्या स्वस्त पिस्तुलात मला सगळ्यात जास्त वेळा हेच सापडतं. पातं दांडीवरच फिरतं, म्हणून आख्खा ट्रिगर गेला असं वाटतं. स्क्रू काढायचा, आटे स्पिरिटने पुसायचे, जांभळ्या लॉकटाईट २२२ चा (स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या गोंदाचा) जेमतेम अर्धा थेंब लावून ॲलन कीने बसवायचा. लाल लॉकटाईट लावलंत तर पुढच्या वेळी स्क्रूची ॲलन कीची खाचच चाटेल.

दुसरी, मागेपुढे चाल. दोन टप्प्यांच्या ट्रिगरमध्ये पहिला टप्पा मोकळा चालतो आणि मग ‘भिंत’ लागते. तो दोष नव्हे, रचनाच तशी आहे. चाल जास्त वाटली तर पहिल्या टप्प्याचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवा आणि दर फेऱ्याला वजन तपासा. सिअरच्या (ट्रिगर ओढेपर्यंत शॉट अडवून धरणाऱ्या दाताच्या) पकडीच्या स्क्रूला मात्र हात लावू नका. पकड फार कमी झाली की लोडिंगची दांडी मिटतानाच शॉट सुटतो.

तिसरी, डावी-उजवीकडची लचक. आपला सगळा राग हिच्यावर. आधी हवेचा सिलिंडर काढा, नळी रिकामी आहे ना ते बघा, आणि सुरक्षित दिशेला ट्रिगर ओढून वॉल्वमधली उरलेली हवा सोडा; सिलिंडर काढल्यावरही एखाद्या शॉटची हवा आत राहते. मग गॅरेजवाला टॅपेट सेट करायला वापरतो ती फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घ्या आणि पातं एका बाजूला टेकवून दुसऱ्या बाजूची फट मोजा. ०.१ मिमी असेल तर पिस्तूल गप्प वापरा. ०.३ असेल तर पिनवर दोन्ही बाजूंना ०.१ ची पोलादी शिम (पातळ चकती) घाला, म्हणजे ०.१ उरेल. तेवढी उरायलाच हवी.

लचकेने गुण जातात का? दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिमी. नेम धरायची पुढची-मागची साइट एकमेकींपासून ३२० मिमी अंतरावर असेल, तर साइट जेमतेम ०.१८ मिमी सरकली की १० मीटरवर शॉट मध्यावरून दहाच्या कडेला जातो. आकडा बघून घाबरायला होतं, पण पातं पहिल्या टप्प्यातच एका बाजूला टेकतं आणि भिंत लागेपर्यंत तिथेच राहतं. बोट रोज एकाच जागी पडत असेल तर ती फट साइटपर्यंत पोचतच नाही. भिंत तुटताना पातं या बाजूचं त्या बाजूला जात असेल, तरच गडबड. हे ड्राय (पेलेट न भरता ट्रिगर ओढायचा सराव) करताना पुढच्या साइटकडे बघितलं की कळतं, पातं चिमटीत धरून हलवल्याने नाही.

आणि आपला तो घट्ट पितळी बुश, ज्याने ट्रिगर ‘दगडासारखा’ झाला म्हणता. अहो, ट्रिगर दगडासारखा करायचाच नसतो! तो स्प्रिंगने स्वतः परत यायला हवा. बुश आवळला की पातं अर्ध्यात अडकतं, सिअर पूर्ण बसत नाही, काठावर लटकतो, आणि मग टेबलावर जरा जोरात ठेवलं तरी सुटू शकतो. आजच तपासा : नळी वर करून दहा वेळा, खाली करून दहा वेळा ट्रिगर ओढा आणि हळूच सोडा. एकदाही रेंगाळला तर बुश काढा. भोक मोठं केलं असेल तर शिमने भागणार नाही. पातं नवं घ्यावं लागेल, आणि वॉरंटीचं काय झालं असेल ते आपणच ताडा.

ग्रिप, किंमत, सर्व्हिस यांवरचे मुद्दे वेगळे आहेत, त्यात आज शिरत नाही. हे सगळं १० मीटरच्या एअर पिस्तुलापुरतं. लायसन्सच्या हत्याराचा ट्रिगर घरी उघडू नका. फिलरचं माप आणि वीस वेळांचा निकाल कळवा, मग पुढचं बोलू. बुश निघेपर्यंत ते पिस्तूल रेंजवर नेऊ नका, शेजारच्या लेनवर पोरं उभी असतात.