सिएरा लिओनच्या बालसैनिकांवरच्या तुमच्या आक्षेपाबद्दल

नमस्कार,

तुमचं म्हणणं असं की, पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनच्या यादवी युद्धात ज्या बालसैनिकांनी लोकांचे हात तोडले त्यांनाच युद्धानंतर शाळा आणि पैसा मिळाला, हात गमावलेल्यांना कुणी विचारलं नाही, आणि मी लेखात त्या पोरांना सरसकट माफ करून टाकलं.

तुमचा राग रास्त आहे. हात तुटलेल्यांच्या संघटनेनं तिथं हेच उघडपणे मांडलं होतं. युद्ध जानेवारी 2002 मध्ये संपलं, सत्यशोधन आयोगानं 2004 च्या अहवालात भरपाई सुचवली आणि पैसे हातात पडायला 2009 उजाडलं. हा अन्यायच. पण त्याचं खापर मुलांवर फोडणं मला पटत नाही.

रोख रक्कम मिळाली ती शस्त्रं खाली ठेवणाऱ्या प्रौढांना. मुलांना ती मुद्दाम दिली नाही, कारण असा पैसा कमांडर काढून घेतो. शेजारच्या लायबेरियात पुढे मुलांनाही 300 डॉलर दिले गेले, तेव्हा त्यात वाटा मागितला गेल्याच्या तक्रारी आल्याच.

आता शाळेचं. युनिसेफची ती योजना तुम्ही जरा नीट बघावी असं मला फार वाटतं. परतलेल्या मुलांना दाखल करून घेणाऱ्या शाळेला त्यांच्या फीऐवजी सामान मिळायचं: वह्या-पुस्तकं, शिकवण्याचं साहित्य, खेळाचे संच. आणि ते वापरायचं वर्गातल्या सगळ्यांनी. ज्या मुलीचं घर बंडखोरांनी जाळलं तिच्याही वाट्याला त्यातली वही यायची. त्यामुळे या मुलांना दारातूनच परत पाठवण्याऐवजी दाखल करून घेण्यात गावाचंही हित होतं. पीडितांच्या तोंडचा घास काढून यांना भरवला, असं याला म्हणता येईल का?

माफीचं म्हणाल, तर गुन्ह्याचा हिशेब झाला. या युद्धातल्या गुन्ह्यांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या साथीनं उभारलेल्या विशेष न्यायालयाला 15 वर्षांपुढच्यांवर खटला चालवता येत होता, पण अभियोक्ता डेव्हिड क्रेन यांनी 18 खालच्या कुणालाही आरोपी केलं नाही. ते मुलांना पळवून, नशा देऊन लढायला लावणाऱ्यांच्या मागे लागले. जून 2007 मध्ये एका सशस्त्र गटाच्या तिघा नेत्यांना दोषी ठरवलं गेलं, शिक्षा 45 ते 50 वर्षं. मुलांना सैन्यात ओढल्याबद्दल अशा न्यायालयात कुणी दोषी ठरण्याची ती पहिलीच वेळ.

माझी तक्रार वेगळीच आहे, आणि ती लेखात यायला हवी होती असं तुम्ही म्हणाला असतात तर मी लगेच मान्य केलं असतं. जवळपास 7 हजार मुलांची अधिकृत सुटका झाली, त्यात मुली जेमतेम 8 टक्के. पळवून नेलेल्या मुली यापेक्षा कितीतरी जास्त होत्या. पण सुटकेसाठी नाव नोंदवताना मुला-मुलींना शस्त्र जमा करायची अट नाही असं कागदावर असूनही अनेक ठिकाणी बंदूक दाखव, खोलून जोडून दाखव, असं सांगितलं जाई. कमांडरची 'बायको' म्हणून राबवलेली, कडेवर मूल असलेली मुलगी बंदूक कुठून आणणार? कितीतरी जणी नाव न नोंदवताच निघून गेल्या. मदत कमी पडली ती इथं. तुमचा जाब या मुलींसाठीही विचारला जावा.